होट्टल ते खरोसा: सही नसलेले शिल्पकार

नांदेडहून नरसीमार्गे देगलूरला निघालेली एसटी तेलंगणाच्या हद्दीकडे सरकते, तशा गाडीतल्या मराठीत तेलुगू-कन्नडचे हेल मिसळू लागतात. होट्टल हे गाव देगलूरपासून जवळच आहे. आज ते साधं खेडं दिसतं. अकराव्या शतकात मात्र कल्याणी चालुक्यांच्या राज्यातलं मातब्बर ठिकाण होतं.

सिद्धेश्वराच्या देवळाला आधी बाहेरूनच एक फेरी मारावी. काळा बेसाल्ट छिन्नीला सहजी दाद देत नाही, तरी भिंतीवरच्या सुरसुंदरींचे दागिने उठून दिसतात. खांब चरकावर कातल्यासारखे आहेत: एक गोल कडं, त्याखाली धारदार कंगोरा, पुन्हा कडं. चालुक्य कारागिरांची ही खूण एकदा डोळ्यांत बसली की मराठवाडाभर ओळखू येते.

राज्य पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली इथे साफसफाई चालू असताना २०२५ मध्ये तीन शिलालेख सापडले. काळ इ. स. १०७० च्या आसपासचा, म्हणजे चालुक्य राजा दुसरा सोमेश्वर गादीवर असतानाचा. मजकुरात नोंद येते ती देवळांना दान देणाऱ्यांची. ज्यांनी पैसा दिला ते साडेनऊशे वर्षांनी नावानिशी समोर आले. ज्यांनी दगड फोडला, कोरला, ते बिननावाचेच राहिले. हा हिशेब जरा खटकतोच.

बार्सिलोनात याच्या नेमकं उलट घडलं. आंतोनी तापिएस (१९२३-२०१२) हा कातालान अमूर्त चित्रकार आणि मुद्राचित्रकार रंगात संगमरवराची भुकटी, वाळू कालवायचा; त्याचे कॅनव्हास खरवडलेल्या भिंतींसारखे दिसतात. आपल्या वारशाची तजवीज त्याने हयातीतच केली. १९८४ मध्ये प्रतिष्ठान काढलं आणि १९९० मध्ये एका जुन्या प्रकाशनगृहाच्या इमारतीत ते लोकांसाठी खुलं झालं. होट्टलच्या कारागिराचं प्रतिष्ठान म्हणजे पुरातत्त्व खातं, गावकरी आणि गावात भरणाऱ्या महोत्सवाच्या निमित्ताने इकडे फिरकणारी मंडळी!

पुढे उदगीर. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथे नमवलं, पण तिथला किल्ला स्वतंत्र दिवस मागतो. निलंग्याहून औशाच्या रस्त्याला लागलं की खरोशाची लेणी असलेली टेकडी येते.

इथे दगडाची जातच बदलते. सहाव्या शतकाच्या सुमाराची ही लेणी जांभ्यात खोदलेली आहेत. कैलास हलवणारा रावण, नरसिंह, शिव असे विषय वेरूळचे, पण दगड सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यात मुरतं, पृष्ठभागाची भुकटी होते आणि कडा बोथटत जातात. काही मूर्तींत आता देहाचा डौल तेवढा कळतो, चेहरा कळत नाही. जवळ जाऊन पाहिलं तर भिंतीवर खपली धरल्यासारखे पापुद्रे दिसतात. हात लावण्याचा मोह आवरावा.

म्हणूनच दोन्ही ठिकाणी जतनाचं काम वेगळं आहे. ढासळलेलं देऊळ उभं करताना दगडांवर नंबर टाकून ते पुन्हा जागेवर बसवता येतात. लेणं डोंगराचाच भाग असल्याने ते उचलता येत नाही. माथ्यावरचं पाणी बाजूला वळवायचं, भेगा बुजवायच्या आणि जे उरलंय त्याची नोंद ठेवायची, एवढंच हाती असतं. यातलं नोंदीचं काम पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेसने फार पूर्वी सुरू केलं. बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या प्राचीन अवशेषांवरचा त्याचा अहवाल १८७८ मध्ये लंडनला छापला गेला. त्यात खरोसा ‘करुसा’ या नावाने येतं. हा अहवाल आज इंटरनेटवर फुकट मिळतो. निघताना तो मोबाइलमध्ये घेतला, तर लेण्याच्या भिंतीसमोर उभं राहून दीडशे वर्षांत काय झिजलं ते ताडून पाहता येतं.