जू आणि रेघ

गाजर गवत उपटलं की आईच्या हातांना खाज सुटते. यंदा बांधावरच्या त्या गवताची पानं चाळणीसारखी झालेली दिसली. पानांवर पांढरट, तपकिरी रेघांचे भुंगेरे. मोबाइलवर नाव सापडलं : झायगोग्रामा बायकोलोराटा.

ग्रीकमध्ये ‘झायगोन’ म्हणजे जू, ‘ग्रामा’ म्हणजे रेघ. प्रजातीचं हे नाव फ्रेंच कीटकतज्ज्ञ शेव्हरोला यांचं, १८३६मधलं. ‘बायकोलोराटा’, म्हणजे दुरंगी, हे पॅलिस्टर यांनी १९५३मध्ये जोडलं. पुढे मेक्सिकोतून आणून १९८४मध्ये हे भुंगेरे बंगळुरूत सोडले, ते गाजर गवत खातात म्हणून. नावात मात्र रेघा आणि रंगच. भूक कुठेच नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “गाजर गवतात तरी गाजर कुठंय?”

आता फवारणीवाल्याला ती तेवढा बांध सोडायला सांगते.