उलटा पंखा



बरेच दिवसांत इकडे लिहिणे झाले नाही. मे महिन्यात आमच्या वरवट बकालला दुपारी संगणकापुढे बसवत नाही, कूलर लावला तरी. आता मृगाचा एक पाऊस पडून गेलाय, तेव्हा निमित्त उरले नाही. आणि हे लिहिणे टाळण्यासारखेही नाही.

आमचा नातू शेगावला शिकतो, राहतो आमच्याजवळ. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी (ते पुण्याला असतात), गेल्या दिवाळीत त्याला एक जुनी मोटारसायकल घेऊन दिली. दोनशे सीसीची, रेडिएटरवाली. मी आयुष्यभर राजदूत चालवली. तिच्या इंजिनाला नुसत्या पात्या, वारा लागला की थंड. मोटारसायकलला रेडिएटर असतो हे मला पटायलाच वेळ लागला. आपल्याकडे यामाहाची आर-१५ २००८ साली आली, मग २०१२ साली चाकणला बनणाऱ्या ड्यूक २०० आणि पल्सर २००एनएस आल्या, तेव्हापासून हा प्रकार खेड्यापाड्यांत दिसू लागला. इंजिनाभोवती कूलंट खेळते, तापते, पुढच्या चाकामागच्या जाळीत येऊन निवते. गाडी उभी असली की वारा नसतो, म्हणून जाळीच्या मागे एक छोटा पंखा. तो समोरून हवा ओढतो आणि मागे फेकतो. मागे कोण? तर चालवणारा!

एप्रिलात एक दिवस पोरगा घरी आला तो पाय चोळतच. म्हणाला, "आबाजी, पाय पोयले माहे. हा पंखा उलटा फिरवला तर? गरम हवा समोर जाईन ना."

मी मराठी-इतिहासाचा माणूस. पण शाळेत विज्ञानाचा शिक्षक नसला की तो तास माझ्या गळ्यात पडायचा, त्यामुळे थोडी गुर्मी आहे. मी लगेच शेतातल्या पंपाचा दाखला दिला. थ्री-फेजच्या दोन फेज बदलल्या की मोटर उलटी फिरते, तसेच बॅटरीवरच्या पंख्याच्या दोन तारा बदलल्या की तोही उलटा फिरेल. "कर," म्हणालो, "काही होत नाही."

त्याने केलेही. अंगणात गाडी तापवून पंखा चालू होऊ दिला. आधी जाळीसमोर धरलेला वहीचा कागद जाळीला चिकटायचा, आता तो दूर उडाला. आम्ही दोघेही खूश. सौ. ओट्यावरून म्हणाल्या, "तुमाले दोघायले काही काम नाही." असो.

पंधरा दिवसांनी मला शेगावला डॉक्टरांकडे जायचे होते. एसटी चुकली म्हणून नातवाच्या मागे बसलो. सकाळचे अकरा वाजले असतील, पण ऊन म्हणजे भट्टीच. पुढे कडब्याने भरलेला ट्रॅक्टर, वाट देईना, त्यामुळे आमची गाडी रखडतच चाललेली. पूर्णेच्या पुलाच्या अलीकडे तांबडा दिवा लागला आणि गरम कूलंटचा गोडसर वास आला. नातवाने गाडी निंबाखाली घेतली आणि सरळ रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मी ओरडलोच! ते झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. आत दाब असतो, म्हणून पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही, आणि झाकण काढले की एकदम उसळते. तेवढे एक मी त्या दिवशी बरोबर सांगितले.

पाऊण तास बसलो. तिथे बसल्या-बसल्या मला उलगडले. गाडी पुढे जाते तेव्हा वारा समोरून आत येतो. आमचा पंखा त्याच्याविरुद्ध बाहेर ढकलतोय. हळू वेगात दोघे एकमेकांना अडवतात आणि जाळीत हवा हलतच नाही. गाडी उभी असली तरी तो इंजिनावरून तापलेली हवाच जाळीकडे ओढणार. शिवाय पंख्याची पाती एका बाजूने फिरण्यासाठी वळवलेली असतात, उलटी फिरली की हवा कमी फेकतात. आणि पंपाचा दाखला मी अर्धाच दिला होता! फेज उलटी झालेला पंप फिरतो खरा, पण पाणी पुरते वर चढत नाही. दरवर्षी कोणाच्या तरी वावरात हे होते, मी स्वतः स्टार्टरपाशी उभे राहून पाहिले आहे. माझे वडील तिवईवर उभे राहून उपणायचे तेव्हा आधी वारा कुठून येतो ते बघायचे. मी बघितले नाही.

निवल्यावर जवळच्या वावरातून कॅनभर पाणी आणून ओतले. शेगावच्या मेकॅनिकने चव घेऊन कपाळावर हात मारला. "गुरुजी, हे खारपाणाचं हाय. अ‍ॅल्युमिनिअमची जाळी खाऊन टाकते." ज्या पाण्याने आमच्या भागातली माणसे मूत्रपिंडाला घाबरून असतात, ते आम्ही गाडीला पाजले होते. त्याने सगळे काढून आतून धुतले, कूलंट भरले, तारा होत्या तशा जोडल्या. पायांसाठी पत्र्याची एक पट्टी वाकवून बसवली, गरम हवा आता खाली आणि बाहेर जाते. पाय थोडे पोळतात अजून, पण जीन्स चालते.

आता मुख्य गोष्ट. त्या रात्री चिरंजीवांचा फोन आला. त्यांनी नातवाला भरपूर ऐकवले, म्हणाले, अक्कल नाही, म्हाताऱ्या माणसाला उन्हात ताटकळत ठेवले, दिवाळीआधी गाडी विकून टाकतो. पोरगा म्हणाला, "हो बाबा, मीच केलं." मी बाजूच्याच खाटेवर होतो. तो माझ्याकडे बघत होता. मी कूस बदलली.

मंडळी, छत्तीस वर्षे वर्गात "कोणी केलं ते उभं राहा" म्हणत आलो. त्या रात्री मी उभा राहिलो नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. फोन दोनदा उचलला, हवापाण्याचे बोलून ठेवून दिला.

चिरंजीव हा ब्लॉग वाचतात, हे मला माहीत आहे. बाळा, तारा बदल म्हणून मीच सांगितले होते. गाडी विकू नको. मेकॅनिकचे पैसे मी माझ्या पेन्शनमधून दिले आहेत, ते पाठवू नको.