सोलापूरचे चार ऋतु

शाळेच्या पुस्तकांत उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीन काळ दिलेले असतात. सोलापुरास तेवढे पुरत नाहींत. येथील पावसाळ्याचे दोन भाग इतके निराळे आहेत, कीं आम्ही सोलापूरकरांनीं चार ऋतु मानले तर तें वावगें होणार नाहीं. आणि वर्षाचें भवितव्य त्यांतील तिसऱ्याच्या हातीं असतें.

पहिला उन्हाळा. वैशाखांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. दुपारीं रस्ते ओस पडतात, रात्रीं गच्चीवर अंथरुणें पडतात, आणि घरांतील बायकांचें सारें लक्ष पाण्याच्या पिंपाकडे असतें.

दुसरा मृगाचा पाऊस. कोंकणस्थ पाहुण्याची येथें निराशाच व्हावयाची. ढगांचें ओझें सह्याद्रीनें आधींच उतरून घेतलेलें असतें. आमच्या वांट्यास येतो तो बहुधा वारा. येथें वर्षाकाठीं सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरीं त्याच्या सातआठ पट.

तिसरा ऋतु भाद्रपद-आश्विनांतला, परतीच्या पावसाचा. सायंकाळीं आभाळ गडगडतें आणि उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या सरी कोसळतात. मुली पाटावर हत्ती काढून हादग्याचा फेर धरतात. तो हत्ती या हस्ताचाच. काळी जमीन हें पाणी पोटांत सांठविते, आणि त्याच ओलीवर मालदांडी ज्वारी पेरली जाते. पुढें पाऊस नसला तरी पीक उभें राहतें. १८७६ सालीं दख्खनेंत हाच पाऊस चुकला आणि मोठ्या दुष्काळास आरंभ झाला. १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणानें भीमेचें पाणी अडविलें, त्याचा शहरास मोठा आधार आहे. परंतु तें धरण भरतें पुण्याकडील डोंगरांतल्या पावसानें. कोरडवाहू ज्वारीचें शेत मात्र अद्याप हस्ताकडेच डोळे लावून असतें.

चौथा हिवाळा, सर्वांत सुखाचा. आगटीवर भाजलेला हुरडा, शेंगांची चटणी आणि दही असा बेत शेतांत जमतो. संक्रांतीस सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, पांढऱ्या बाराबंदींतले भक्त उंच नंदीध्वज पेलीत मिरवणुकीनें निघतात. देवळाभोंवतीं तलाव आहे. बाराव्या शतकांत सिद्धरामेश्वरांनींच तो खोदविला, अशी परंपरा आहे. पाण्यास तहानलेल्या गांवानें तलाव खोदविणाऱ्या साधूस ग्रामदैवत मानावें, यांत नवल तें काय?

पाहुण्यांनीं सोलापुरास यावें तें याच दिवसांत. मात्र हुरडा गोड लागला, तर त्याचें श्रेय पौषांतल्या थंडीस न देतां आश्विनांतल्या पावसास द्यावें.