खिंड, सावली, तर

अलिबाग ते रेवदंडा रस्ता सपाट आहे. कुंडलिकेचा पूल ओलांडून साळावला पोचलं की डोंगर सुरू होतात, आणि हरिहरेश्वरपर्यंत ते रस्त्याला सोडत नाहीत. सह्याद्रीचे फाटे इथे थेट समुद्रात उतरलेत. म्हणून चढ, खिंड, उतार, गाव, खाडी, आणि पलीकडे पुन्हा चढ. मोटारीतल्या माणसाला हा रस्ता लांब आणि वाकडा वाटतो. सायकलवर तो माणसाच्या मापाचा वाटतो: मांड्या भरून येतात तोवर खिंड येते, घसा कोरडा पडतो तोवर गाव येतं. या रस्त्याच्या कडेच्या काही गोष्टी गेल्या, काही जाण्याच्या बेतात आहेत. रस्त्याच्या कामाच्या अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी रकाना नसतो. म्हणून ही नोंद.

सावली. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. काशीदचे सुरू आडवे झाले. चौल, नागाव, दिवेआगर, श्रीवर्धन इथल्या वाड्यांतल्या सुपाऱ्या मधून मोडल्या. रस्त्यावर दोन्हीकडून झुकलेले आंबे, फणस, चिंचा मुळासकट उपटल्या गेल्या. झाडं परत लावली गेली, पण सुपारीला फळ धरायलाच कित्येक वर्षं लागतात, आणि रस्त्यावर पडणारी सावली ही जुन्या झाडांची असते. नागावातून रेवदंड्याकडे जाताना भर दुपारी जो थंड, ओलसर, शेवाळी वास असलेला पट्टा लागायचा, तो आता तुकड्या-तुकड्यांत लागतो. मधल्या उघड्या जागी ऊन डांबरावरून तोंडावर येतं. हा फरक काचा वर केलेल्या गाडीत कळत नाही.

काळी सायकल. त्या ३ जूनला जागतिक सायकल दिन होता. आणि त्याच दिवशी उत्तर प्रदेशातल्या साहिबाबादच्या कारखान्यात नोटीस लागली, ॲटलसचं उत्पादन थांबलं. योगायोगच, पण किनाऱ्यावरच्या माणसाला तो विसरता येत नाही. या वाड्यांतून जी सायकल चालायची ती बहुतेक ॲटलस, हिरो नाहीतर हर्क्युलिस. बावीस किंवा चोवीस इंची, दांडीची, मागे रुंद कॅरियर, दोन पायांवर उभा राहणारा स्टँड. त्या कॅरियरवर नारळाचं पोतं जायचं, सुपारीचं जायचं, मासळीची पाटी जायची, शाळेतली दोन पोरं जायची. मुलं मधल्या दांडीखालून एक पाय पलीकडे घालून, वाकडी होऊन शिकायची, कारण सीटवरून पाय पुरायचे नाहीत. गिअर नसायचे. खिंडीत उतरून ढकलायची आणि त्यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही. आता शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून हलक्या, बारीक चाकांच्या सायकली येतात. त्या येतात याचा मला आनंद आहे. गावातली काळी सायकल मात्र वाड्याच्या पडवीला टेकून गंजते आहे.

सकाळचा पाववाला. सायकलवर पत्र्याची पेटी, रबरी भोंगा. पुष्कळ ठिकाणी आता मोटारसायकल.

पंक्चरचं दुकान. लोखंडी घमेल्यात पाणी, काचकागद, सोल्युशनची ट्यूब, जुन्या ट्यूबमधून कापलेले पॅच, भिंतीला टेकलेला उभा पंप. दर तीन-चार गावांना एक असायचं, बहुतेकदा एस.टी.च्या थांब्यापाशी. दुकानं आहेत, पण ती आता ट्यूबलेस टायरची आहेत, कॉम्प्रेसरची आहेत. सायकलच्या जुन्या व्हॉल्व्हची रबरी नळी मागितली तर तरुण मालक आत वडिलांना विचारायला जातो. नव्या सायकलींचा बारीक तोंडाचा फ्रेंच व्हॉल्व्ह त्याच्या नळीला बसतच नाही. म्हणजे जुनी सायकल आणि नवी सायकल, दोघींनाही या रस्त्यावर हवा मिळेनाशी झाली. मुरूडच्या पुढे जायचं तर स्वतःचा पंप बरोबर हवा.

मैलकुली. ठरावीक लांबीचा रस्ता एका माणसाच्या स्वाधीन असायचा. फावडं, घमेलं, कोयता. पावसाळ्याआधी गटारं उपसायची, खड्ड्यात मुरूम भरायचा, वळणावर माजलेलं रान तोडायचं, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे मारायचे. त्याला आपल्या तुकड्यातला प्रत्येक खड्डा ठाऊक असायचा, कारण तो चालत असायचा. सायकलस्वाराला खड्डा जसा दिसतो, तसा त्यालाही दिसायचा. आता रस्त्याचं काम ठेकेदाराकडे असतं, यंत्र येतं, एका रात्रीत डांबर पसरतं, आणि पहिल्या दोन पावसांत डांबराची कड तुटते. सायकल चालते ती नेमकी कडेनेच.

राहाट. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांना विहिरीचं पाणी राहाटाने मिळायचं. लाकडी चक्र, त्यावर गाडग्यांची माळ, बैल किंवा रेडा गोल फिरतोय, आणि त्या लाकडाची कुरकुर वाडीतून रस्त्यावर ऐकू येतेय. विजेचा पंप आला, राहाट थांबले. पंप चालवणाऱ्याला दोष देण्याचं कारण नाही. बैल पोसणं परवडत नाही. पण तो आवाज कुणी नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवा होता.

अक्षीचा शिलालेख. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. मराठीतल्या सर्वात जुन्या लेखांपैकी हा एक, आणि तो वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला उघड्यावर, ऊनपावसात राहिला. सायकल थांबवून हात लावता येईल इतका जवळ. हजार वर्षांपूर्वीचं मराठी असं वाटेत भेटणं ही या किनाऱ्याची श्रीमंती आहे. दगडावरची अक्षरं पुसट झालीत.

कोर्लईची बोली. रेवदंडा-चौल पोर्तुगीजांनी १७४० साली मराठ्यांना दिलं. सैन्य गेलं, कोर्लईच्या किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी मिळून झालेली बोली राहिली. ती बोलणारी माणसं आता हजाराच्या आसपास. मुलं मराठी शाळेत जातात, नोकरीला मुंबईला जातात.

समुद्राचं दिसणं. मांडव्यापासून सासवणे, आवास, किहीमपर्यंत एके काळी कुंपण म्हणजे काटेरी झुडपं, निवडुंग, फार तर दगडी गडगा. त्यावरून वाडी दिसायची, वाडीपलीकडे पाणी चमकायचं. आता दोन पुरुष उंचीच्या भिंती, लोखंडी फाटकं, कॅमेरे. किहीमला १९३० साली सालिम अलींनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला, तो घराजवळच्या घरट्यांवर नजर ठेवून. आज त्या रस्त्यावरून जाणाऱ्याला भिंतीच्या वर आलेले नारळाचे शेंडे तेवढे दिसतात.

तर, म्हणजे पाणी ओलांडून नेणारी नाव. या नोंदीतली मला सगळ्यात जिव्हाळ्याची.

अलिबागला प्रवासी रेल्वे कधी आली नाही. मुंबईची वाट पाण्यावरूनच होती, आणि सायकलवाल्याची तर हमखास. पहाटे भाऊच्या धक्क्यावर जायचं, खलाशाच्या हातात सायकल द्यायची, तो ती कठड्याला सुतळीने बांधणार, आणि रेवसला उतरून सरळ पेडल मारायचं. ओहोटीला रेवसला गाळ उघडा पडतो, लाँच थांबते. म्हणून सायकलस्वारालाही भरती-ओहोटीचं गणित ठाऊक असायचं, तिथीवरून मांडता यायचं. याच रेवसला निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांतून ते नाव अजून आवाज खाली आणून घेतलं जातं. पाण्याची वाट सुखाचीच होती असं कुणी म्हणू नये.

पण ती सर्वांची होती. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू सुरू झाला, जवळजवळ बावीस किलोमीटरचा. त्यावर दुचाकीला, रिक्षाला आणि सायकलला प्रवेश नाही. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनची. आता त्यातले खाडीपूल हाती घेतले आहेत, रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी. पूल व्हायलाच हवेत. रात्री-अपरात्री बाळंतीण घेऊन खाडीकाठी जंगलजेटीची, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या तरीची, वाट पाहिलेल्या माणसाला ‘तर वाचवा’ असं सांगायचा मला अधिकार नाही. मागणं एवढंच, की या पुलांवर सायकलला आणि पायी चालणाऱ्याला पट्टी असावी. पूल झाला की तर बंद होते, आणि पुलावर बंदी असली तर सायकलस्वाराची खाडी कायमची अडते. आगरदांड्याहून दिघी समोर दिसते. जंगलजेटी नसेल तर मांदाडकडून सगळ्या खाडीला वळसा.

बागमांडला-वेसवीची तर अजून चालू आहे. लोखंडी फळी खाली पडते, टेम्पो, मोटारसायकली, कोळणी, बकऱ्या, आणि मध्ये सायकल. सावित्रीच्या पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे. पलीकडे रत्नागिरी जिल्हा.

सायकलस्वारांनी स्वतःहून काही करावं, याला जुना दाखला आहे. इंग्लंडच्या डोंगराळ रस्त्यांवर तीव्र उताराचे पहिले इशारे देणाऱ्या पाट्या सरकारने लावल्या नव्हत्या, सायकलस्वारांच्या संघटनांनी लावल्या होत्या, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. त्यातली सायकलिस्ट्स टूरिंग क्लब १८७८ ची. म्हणजे रस्त्याकडे कडेच्या बाजूने पाहणाऱ्यांनी एकत्र येऊन रस्त्याला काही दिलं. आपल्याकडे दोनशे, तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या, करणारी मंडळी भरपूर झाली आहेत. या किनाऱ्याचे चढ, पाण्याच्या जागा, तरीच्या वेळा, चालू असलेली पंक्चरची दुकानं यांची मराठीत एक पुस्तिका त्यांनी करावी.

शेखाडीचा रस्ता. दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, आरावी करत श्रीवर्धनला. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला थेट पाणी, मध्ये अरुंद डांबर. प्रत्येक वळणावर चढ, लहान पण खडा. हा अजून आहे. महामार्गाच्या मापाने रुंद करायचा तर डोंगर कापावा लागेल, आणि कापलेला डोंगर जुलैत खाली येतो, हे महाड-पोलादपूरच्या माणसांना कुणी शिकवायला नको.

जुना कशेडी घाट. हे उलटं उदाहरण, म्हणून मुद्दाम शेवटी. मुंबई-गोवा महामार्गावर भोगावपासून बोगदा झाला, सुमारे दोन किलोमीटरचा. ट्रक आणि बसगाड्या तिकडे वळू लागल्या. ज्या घाटात सायकल घालायला छाती लागायची, मागून येणाऱ्या कंटेनरच्या वाऱ्याने हँडल हलायचं, तो घाट आता बराच मोकळा झाला आहे. पोलादपूर सोडून सकाळी चढायला लागलं की आपला श्वास आणि चेनचा आवाज ऐकू येतो. मात्र वाहतूक गेली की निधीही जातो. दरड पडली तर ती उचलायला कुणाला घाई राहणार नाही. गटारं तुंबली की पाणी रस्त्यावरून वाहतं, आणि रस्ता खालून पोकळ होतो. घाट सायकलसाठी टिकवायचा तर त्याला वर्षाला एकदा, मे महिन्यात, गटारं उपसणारी माणसं लागतील.