कात्सुशिका : बहुरूपी खेळण्यांचे माहेर

टोकियोच्या पूर्व भागात तोझाई मेट्रोमार्गावर निशी-कासाई नावाचे स्टेशन आहे. सन २००० च्या सुमारास भारतातले संगणक अभियंते इथे राहायला आले आणि बघता बघता डाळी-मसाल्यांची दुकाने आणि भारतीय उपाहारगृहे उभी राहिली. त्यात मराठी कुटुंबेही आहेत. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली इथल्याच एदोगावा विभागाच्या सभागृहावर निवडून आले. टोकियोत मराठी मंडळ आहे, त्याचा गणेशोत्सव होतो. पण याच एदोगावाला उत्तरेकडून लागून असलेल्या कात्सुशिका विभागात पर्यटक सहसा फिरकत नाहीत. मुले बरोबर असतील तर मात्र हा विभाग चुकवू नये. मोटारीचा माणूस आणि माणसाची मोटार होणारी जी खेळणी आज जगभर ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणून ओळखली जातात, त्यांचे हे माहेर.

कात्सुशिका श्रीमंतांची वस्ती नव्हे. नद्यांच्या मधला सखल प्रदेश, छोटी घरे आणि त्यांना चिकटून छोटे कारखाने. सेल्युलॉइडच्या बाहुल्यांपासून इथे खेळण्यांचा धंदा रुजला. तातेइशी स्टेशनबाहेर छपराखालची अरुंद बाजारपेठ आहे. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे, अशी. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ‘टाकारा टोमी’ या कंपनीचे मुख्यालय आहे. टाकारा आणि टोमी या खरे तर दोन वेगळ्या कंपन्या, दोन्ही कात्सुशिकाच्याच. २००६ साली त्या एक झाल्या. टाकाराची स्थापना १९५५ सालची. जपानी मुलींची लाडकी बाहुली ‘रिका’ तिने १९६७ साली काढली. आणि १९८० साली तिने ‘डायाक्लोन’ नावाची यंत्रमानवांची मालिका आणली.

पोटात माणूस असलेला यंत्रमानव

या डायाक्लोनची गंमत अशी, की त्यातला यंत्रमानव जिवंत नव्हताच. ते नुसते यंत्र होते. ते चालवायला जेमतेम एक इंच उंचीचे बाहुले मिळे. बाहुल्याच्या पायाला लोहचुंबक, आणि यंत्राच्या पोटात त्याच्यासाठी बसायची जागा. १९८२ पासून या मालिकेत हुबेहूब मोटारींचे यंत्रमानव होऊ लागले. पुढच्याच वर्षी ‘मायक्रो चेंज’ ही दुसरी मालिका निघाली. तिची कल्पना निराळी होती. घरातल्या वस्तूच यंत्रमानव होत्या. सूक्ष्मदर्शक, कॅमेरा, कॅसेट वाजवण्याचे यंत्र, पिस्तूल.

अमेरिकेच्या हॅसब्रो कंपनीने ही दोन्ही कुळे विकत घेऊन एकाच छपराखाली नांदायला लावली आणि १९८४ साली त्यांना नवे नाव दिले. खेळणे खपवायचे तर गोष्ट हवी. ती रचण्याचे काम मार्व्हल या कॉमिक कंपनीकडे गेले. तिथे बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांची नावे आणि स्वभाव ठरवले. ऑप्टिमस प्राइम हे नाव मात्र डेनिस ओनील यांचे. इथे एक मोठा बदल झाला. पोटातला माणूस गेला आणि यंत्रालाच जीव आला. हे यंत्रमानव आता परग्रहावरचे सजीव होते. हसणारे, भांडणारे, मरणारे.

खेळणे आणि चित्र यांचे जुळत का नाही, याचे बरेचसे उत्तर इथेच आहे. आयर्नहाइड आणि रॅचेट ही पात्रे चित्रपटात भारदस्त चेहऱ्याची दिसतात. दुकानातल्या खेळण्याला मात्र डोकेच नाही! व्हॅनचा पुढचा भाग उभा राहतो, काचेमागे आसन असते आणि त्यावर चेहऱ्याचा कागद चिकटवलेला. ते आसन त्या इंचभर बाहुल्याचे होते. बाहुले गेले, खुर्ची उरली. दूरदर्शनवर पाहून हट्टाने ते खेळणे घेतलेल्या पोराची समजूत त्याच्या आईने कशी घातली असेल कोण जाणे.

दुसरी अडचण आकाराची. मोटार ही खऱ्या मोटारीची छोटी प्रतिकृती, तर कॅसेटचे यंत्र खऱ्याच्याच मापाचे. दोन्ही एका गोष्टीत आली, तेव्हा घराएवढा मेगाट्रॉन पिस्तूल होताना दुसऱ्याच्या मुठीत मावेल एवढा आकसू लागला. ऑप्टिमसचा लांबलचक ट्रेलर तर चित्रात चक्क नाहीसा होतो. खेळण्यात तो कुठे जाईल? तो उघडून त्याचा तळ मांडतात. शिवाय चित्रकारांना एकेक आकृती हजारो वेळा काढायची होती, म्हणून खेळण्यावरच्या चिकटपट्ट्या, खाचा, नळ्या त्यांनी वगळल्या. या सोप्या आकृत्या शोहेई कोहारा आणि फिलिपिन्सचे फ्लोरो डेरी यांनी घडवल्या. गुटगुटीत पिवळी फोक्सवॅगन असलेल्या बंबलबीला चित्रात बोलके तोंड मिळाले, खेळण्याचा चेहरा अगदीच निर्विकार होता. जेटफायरची कथा तर कोर्टकचेरीच्या वळणाची. तो साचा टाकाराचा नव्हता, दुसऱ्याच एका जपानी चित्रमालिकेतल्या विमानाचा होता. म्हणून पडद्यावर त्याचे रूपही बदलले आणि नावही ‘स्कायफायर’ झाले. कॉमिकमध्ये नाव जेटफायरच राहिले.

लाडक्याचे मरण

१९८६ च्या ऑगस्टमध्ये या मंडळींचा चित्रपट अमेरिकेत लागला. दुकानांत नवी खेळणी आणायची होती, तेव्हा जुन्या पात्रांनी जागा करून द्यावी, असा साधा व्यापारी हिशेब होता. पहिल्या अर्ध्या तासातच ऑप्टिमस प्राइम मरतो. थिएटरमध्ये मुले रडू लागली. ज्या खेळण्याला इथे कात्सुशिकात मुळात जीवच नव्हता, त्याच्या मरणावर! १९८७ च्या सुरुवातीस दूरदर्शनवर त्याला पुन्हा जिवंत करावे लागले. कॉमिकमध्ये तो वेगळाच मेला. संगणकावरच्या खेळात आपल्या हातून निरपराध पात्रांना इजा झाली, म्हणून त्याने स्वतःच शब्द पाळून मरण पत्करले. हा भाग चित्रपटापेक्षा सरस वाटतो. चार अंकांपुरते काढलेले ते कॉमिक पुढे ८० अंक चालले आणि १९९१ साली थांबले.

दरम्यान, १९८५ साली ही खेळणी माहेरी परतली होती. अमेरिकन गोष्ट घेऊन, जिवंत होऊन. जपानमध्ये ऑप्टिमसचे नाव ‘कॉन्व्हॉय’ झाले.

कात्सुशिकात चित्रातल्या माणसांना असा मान नवा नाही. कामेआरी स्टेशनसमोर कॉमिकमधला पोलीस र्‍योत्सु ब्राँझमध्ये उभा आहे. त्याची कथा १९७६ पासून ४० वर्षे चालली. शिबामाता स्टेशनबाहेर चित्रपटातला भटक्या तोरा-सान हातात पेटी घेऊन वळून पाहतो. तिथून ताइशाकुतेन मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीत तांदळाच्या पिठात हिरवा पाला घालून केलेले गोळे गोड डाळीच्या पुरणासह मिळतात. पुरणाची सवय असलेल्या मराठी जिभेला ते चटकन रुचतात. मंदिरामागे एदो नदी, आणि तिच्यावर हाताने वल्हवायची नाव.

टोकियोच्या जुन्या खेळण्यांच्या दुकानांत १९८० च्या दशकातले कॉन्व्हॉय अजून काचेच्या कपाटात दिसतात. त्याच्या निळ्या मुठी सुट्या असतात, मनगटात खोचायच्या. चित्रात त्या आपोआप बाहेर येतात. खऱ्या खेळण्याच्या मात्र पलंगाखाली, सोफ्याच्या फटीत हरवत. म्हणून जाणकार गिऱ्हाईक किंमत विचारण्याआधी मनगटे तपासते.