पाचोळा जाळू नका, त्यात भेंडी लावा

गेल्या पंधरा दिवसांत तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला. "यंदा पहिल्यांदाच गच्चीत भाजी लावायची म्हणतोय, चांगली माती कुठे मिळेल?" म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकावं.

माती विकत आणू नका. निदान पोती-पोती तरी आणू नका. ती आत्ता तुमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात ढिगाने पडली आहे, आणि उद्या सकाळी कुणीतरी तिला काडी लावणार आहे.

माघ-फाल्गुन म्हणजे पुण्यातली पानगळ. रेन ट्री, पिंपळ, वड, रस्त्याकडेचं जे जे झाड आहे ते या दोन महिन्यांत अंग झाडून मोकळं होतं. सकाळी फिरायला निघालात तर दर दोन-तीन गल्ल्यांआड धूर दिसतो. खरं तर उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत ती होतीच, वर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५ हजार रुपये दंड सांगितला. आपल्या गल्लीत कुणी दंड भरलेला तुम्ही पाहिलाय का? मी नाही.

पण यात झाडणाऱ्या माणसावर ओरडण्यात अर्थ नाही. आमच्या रस्त्यावरच्या मावशींना मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "ताई, मला काय हौस आहे का धूर खायची? नऊच्या आत रस्ता साफ दिसला पाहिजे. गाडीवाला पाला घेत नाही. मी घरी नेऊ का?" मी रिकामी पोती देऊ केली, तर म्हणाल्या, "द्या की, भरून ठेवते." खतासाठी पाला गोळा करायची व्यवस्था आमच्याकडे तेवढ्यात झाली. दहा-बारा रिकामी सिमेंटची पोती, बस्स.

आता हा पाला कुंडीत कसा जातो ते सांगते. फळांचे प्लास्टिकचे क्रेट घ्या, जुनी बादली चालेल, तळाला भोकं हवीत. तळाशी चार-पाच बोटं काड्या-करवंट्या, मग दाबून दाबून पाला. त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा, पुन्हा पाला. अंदाज असा की एक वाटी ओलं असेल तर दोन-तीन वाट्या कोरडं. वास यायला लागला, चिलटं झाली, की समजा कोरडं कमी पडलंय. मूठभर तयार खत किंवा आंबट ताक विरजणासारखं घालायचं. दोन-तीन महिन्यांत निम्म्याहून कमी होऊन काळं, भुसभुशीत काहीतरी उरतं.

सगळी पानं सारखी नसतात हं. रेन ट्रीची बारीक पानं लोण्यासारखी विरघळतात. वड, फणस, आंबा यांची जाड पानं चुरल्याशिवाय हलत नाहीत, ती वेगळ्या पोत्यात पाणी मारून पुढच्या वर्षासाठी ठेवा.

"मग आत्ता लगेच पेरू कशात?" तर खालचा अर्धा क्रेट पाला, वरच्या अर्ध्यात थोडी माती आणि तयार शेणखत किंवा गांडूळखत. मुळं वरच्या थरात धरतात आणि खालचं कुजत आलं की तिकडे उतरतात. नर्सरीतल्या निव्वळ लाल मातीत लावलंत तर एप्रिलपर्यंत कुंडीची वीट होते. शिवाय ती माती कुठल्या तरी टेकडीचा नाहीतर शेताचा वरचा थर खरवडूनच आलेली असते, हे वेगळंच.

यात नवीन काही नाही. गणिताचे शिक्षक असलेले कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार हेच सांगत आले. पाला, उसाचं चिपाड, घरातला कचरा यांतून माती घडवायची आणि थोडक्या जागेत पिकवायचं. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास तिथल्याच खरकट्यावर बाग उभी केली. आपल्या पुण्यात अदिती देवधर यांच्या ब्राउन लीफने तर ज्यांच्याकडे पाला आहे आणि ज्यांना पाला हवा आहे त्यांची गाठ घालून दिली. म्हणजे रस्ता माहीत आहे, जाणारे कमी आहेत.

लावायचं काय? यूट्यूबवरच्या परदेशी "स्प्रिंग गार्डन"च्या नादी लागू नका. तिकडे बर्फ वितळत असतो, इथे माठ बाहेर निघत असतात. आपल्याला आत्ता भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी. पालेभाज्यांत लाल माठ, राजगिरा, चुका, अंबाडी. मेथी-कोथिंबीर लावायची तर आत्ताच, उन्हं कडक झाली की मेथी रुसते. धणे रगडून दोन फाकी करून पेरा, अख्खे नको. पहिल्या वर्षी चार क्रेट पुरे. भेंडीला दीड-दोन महिन्यांत फळ येतं, तेवढा धीर धरा.

आता पाण्याचं. हा मुद्दा मला पाल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठवण साधारण २९ टीएमसी. त्यातच आपण, आणि त्यातच कालव्याखालचे दौंड-इंदापूरचे शेतकरी. उन्हाळ्यात तिकडे आवर्तन कधी सुटणार यावर दर वर्षी ओढाताण असते. अशा वेळी आपण हौसेच्या भेंडीला पाइप लावून गच्ची धुवायची, हे मला पटत नाही. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी चार क्रेटना पुरतं. वर दोन-तीन इंच पाल्याचं आच्छादन टाकलंत तर एप्रिलमध्येसुद्धा माती संध्याकाळी ओली लागते. दुपारी बोट घालून बघा, ओलं असेल तर पाणी घालूच नका.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विरोध होणार, हे धरून चाला. आमच्याकडे तळमजल्यावरचे काका म्हणाले, "स्लॅब गळला तर कोण भरणार?" प्रश्न रास्त आहे. ओली माती फार जड, घनमीटरला दीड टनाच्या पुढे जाते. पाल्याचं खत त्याच्या कितीतरी हलकं. क्रेट विटांवर उचलून ठेवायचे, खालून पाणी वाहतं दिसलं पाहिजे, आणि कडेला, बीम-कॉलमच्या वर ठेवायचे. काकांना हे करून दाखवलं, तेव्हा ते "बघू" म्हणाले. आमच्या सोसायटीत "बघू" म्हणजे जवळजवळ होच.

आणखी एक गोष्ट मीटिंगमध्ये सांगण्यासारखी. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल असे प्रकल्प करणाऱ्या मिळकतींना महापालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. पैशाचं नाव काढलं की झोपलेले सभासदही जागे होतात. मात्र प्रकल्प कागदावर नको, चालू हवा. सवलत घेऊन खताचा खड्डा झाकून ठेवलेल्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत.

उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या कचऱ्याचा वास आणि नासलेल्या विहिरी वर्षानुवर्षं सोसल्या, आंदोलनं केली. त्या ढिगात मोठा वाटा आपल्या भाजीच्या देठांचा आणि सालींचा होता. चार क्रेटनी तो ढीग हलत नाही, मला माहीत आहे. म्हणून क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि नगरसेवकाकडे एवढंच मागा: पानगळीच्या दोन महिन्यांत पाल्यासाठी वेगळी गाडी, आणि प्रत्येक मोठ्या बागेत पाला टाकायला एक जाळीचा हौद, जिथून कुणालाही फुकट नेता येईल. याला ना टेंडर मोठं लागतं, ना सल्लागार.

आमच्या रस्त्यावर सध्या सात पोती भरलेली उभी आहेत. मला तीन पुरतात. उरलेली चार कुणाला हवी असतील तर रविवारी सकाळी स्वतःची गाडी घेऊन या, आणि येताना तेवढीच रिकामी पोती मावशींसाठी आणा.