हिवाळ्यातील मत्स्यविनोद

'विनोद' हा शब्द आज आपण हास्याच्या अर्थी योजतो. परंतु संस्कृतात मनाचा शीण घालविणारी करमणूक असा त्याचा अर्थ आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने ११३० च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाने करावयाचे अनेक विनोद सांगितले आहेत, आणि त्यांत मत्स्यविनोद, म्हणजे गळ टाकून मासे धरण्याची करमणूक, हाही एक आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख ह्याच ग्रंथात सापडतो व त्यामुळे मराठीच्या अभ्यासकांस तो प्रिय आहे. मत्स्यविनोदाच्या पानांशी मात्र आपल्यासारख्या शाकाहारी घरांतील वाचकांस सहसा काही कर्तव्य नसते. तीस-बत्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले, पण मलाही त्या पानांशी कधी काम पडले नाही. ते पडले सेवानिवृत्तीनंतर, अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानात, सस्क्वेहाना नदीच्या काठी, आणि तेही कडाक्याच्या थंडीत.

आमची कन्या व जावई हॅरिसबर्ग शहराजवळ राहतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयता एका वर्षी सहा महिने त्यांजकडे जाऊन राहिलो. नातू तेरा वर्षांचा. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मितभाषी आणि अत्यंत सज्जन. दर शनिवारी दुपारी ते नदीवर मासे धरावयास जात व आमचा नातू त्यांच्याबरोबर जाई. मुलगा मोकळ्या हवेत जातो, वडील माणसाच्या सहवासात राहतो, ह्यात कोणाला काही वावगे वाटले नव्हते. परंतु एके दिवशी त्याचा लोकरी कोट झटकताना त्याच्या आजीच्या बोटाला खिशातील गळ लागला. नातू केवळ पाहावयास जात नाही, गळ टाकावयासही जातो, हे तेव्हा कळले. सौभाग्यवतींनी तो गळ टेबलावर माझ्यासमोर ठेवला व म्हणाल्या, "तुम्ही एवढे ग्रंथ वाचलेत. हे आपल्या घरात चालेल की नाही ते आता तुम्हीच सांगा." कन्या म्हणाली, "बाबा, ह्या गावात त्याला हा एकच जिवाभावाचा स्नेही मिळाला आहे." दोघींचेही बरोबर होते. आधी पाहतो, मग सांगतो, असे म्हणून मी पुढचे पाच-सहा शनिवार नदीवर गेलो.

सस्क्वेहाना ही विलक्षण रुंद व उथळ नदी आहे. हॅरिसबर्गपाशी तिचे पात्र मैलभर रुंद भरते. शहराच्या वरच्या अंगास १९०२ साली पुरा झालेला रॉकव्हिल येथील दगडी रेल्वेपूल अठ्ठेचाळीस कमानींवर उभा आहे. त्यावरून पात्राची कल्पना यावी. हिवाळ्यात काठाशी बर्फाचा ओटा धरतो, परंतु मधले पाणी वाहते असल्यामुळे बरेचदा मोकळेच राहते. गोठलेल्या सरोवरावर भोक पाडून त्यातून गळ सोडण्याची रीत त्या देशात आहे; ती निराळी. हे गृहस्थ मोकळ्या पाण्यात, आणि काठावरूनच, गळ टाकीत. होडीत का बसत नाही असे मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, अशा पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांतच निकामी होतात. त्या संस्थानात २०१२ पासून १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल ह्या काळात लहान होड्यांतून जाणारांस तरंगते जाकीट अंगात घालणे कायद्यानेच सक्तीचे झाले आहे. काठावरही त्यांचे दोन नियम होते. बर्फाच्या ओट्यावर पाऊल ठेवावयाचे नाही, आणि अंगात सुती कपडा घालावयाचा नाही; कारण सूत भिजले की ऊब टाकते, लोकर भिजूनही थोडी राखते. मला माझ्या आजोबांच्या सोवळ्याच्या धाबळीची आठवण झाली.

ते ज्या माशाच्या मागे असत त्याचे नाव स्मॉलमाउथ बास. तांबूस कांस्यवर्णाचा, अंगावर उभे पुसट पट्टे असलेला हा मासा त्याच्या झुंजारपणाबद्दल प्रसिद्ध आहे. ह्याचा वरचा जबडा डोळ्याच्या मागे जात नाही, मोठ्या तोंडाच्या बासचा जातो. म्हणून हा लहान तोंडाचा. त्याचे शास्त्रीय नाव 'मायक्रोप्टेरस' असे आहे. ह्यातील ग्रीक 'प्टेरॉन' आणि आपला 'पतत्र' हे शब्द एकाच धातूतून निघालेले सख्खे भाऊ आहेत. नावाचा अर्थ 'लहान पराचा', परंतु ह्या माशाचा पर मुळीच लहान नसतो. १८०२ साली लासेपेद नामक फ्रेंच पंडितासमोर जो नमुना आला त्याच्या पाठीवरील पर फाटलेला होता. शेवटचा तुकडा सुटा पडल्यामुळे तोच एक स्वतंत्र लहानसा पर आहे असे पंडितास वाटले. एका घायाळ माशाची जखम अशी साऱ्या कुळाच्या नावात कायमची कोरली गेली.

सस्क्वेहानात हा मासा मूळचा नव्हे. १८५४ साली ओहायो नदीच्या खोऱ्यातून थोडे मासे आगगाडीच्या एंजिनाच्या पाण्याच्या टाकीत ठेवून पोटोमॅक नदीच्या खोऱ्यात आणले गेले, आणि १८७० च्या सुमारास ते सस्क्वेहानातही सोडण्यात आले. म्हणजे आमच्या जावयांप्रमाणे तोही तेथे परगावाहून येऊन स्थायिक झालेला!

आता हिवाळ्याची गोष्ट. माशाचे रक्त पाण्याच्या उष्णमानाप्रमाणे चालते. पाणी दहा अंश सेल्सियसच्या खाली उतरू लागले की हे मासे उथळ, धावते पाणी सोडून डोह गाठतात. त्यासाठी काही मासे कित्येक मैल प्रवास करतात. एखाद्या मोठ्या खडकाच्या आडोशास, जेथे प्रवाह मंदावतो तेथे, ते तळाशी एकत्र स्थिर राहतात. चार-पाच अंशांवर त्यांचे खाणे जवळजवळ थांबते, आणि खाल्लेले पचावयास दिवसचे दिवस लागतात. आपल्या सुभाषितकारांनी एकेका इंद्रियाच्या पायी नाश पावणारे प्राणी सांगताना जिभेच्या पायी मरणारा म्हणून माशाचे नाव घेतले आहे. पौष-माघातील हा मासा पाहिला असता तर त्यांनी दुसरे उदाहरण शोधले असते. उन्हाळ्यात झेप घेऊन आमिष पकडणारा तो, हिवाळ्यात नाकासमोरून घास गेला तरी बहुधा हालत नाही.

म्हणून ह्या दिवसांत गळ टाकणे हे मुख्यत्वे थांबण्याचे काम आहे. लहानशा शिशाच्या गोळीला जडवलेला गळ, त्याभोवती हरणाच्या शेपटीच्या केसांचा किंवा मऊ पिसांचा झुपका. तो डोहात सोडावयाचा, तळ लागू द्यावयाचा, आणि मग जवळजवळ काहीच करावयाचे नाही. प्रवाहाने केस आपोआप हलतात, तेवढे पुरे होते. दोरीला मिळणारा झटका उन्हाळ्यासारखा नसतो. ओले पान अडकावे तसा किंचित जडपणा जाणवतो. मधूनमधून काठीच्या कड्यांत पाणी गोठते, ते बोटांनी काढावयाचे. दोन-तीन दिवस ऊन पडून पाणी अर्धा-एक अंश चढले, की त्या दिवसाची उतरती दुपार सर्वांत चांगली. वर्गात दहा मिनिटे स्वस्थ बसत नाही अशी ज्याच्याविषयी शाळेतून तक्रार येई तो आमचा नातू तेथे दीड दीड तास न बोलता उभा राहिलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

पाच-सहा शनिवारांत मिळून सात मासे लागले. त्यांपैकी दोन नातवाचे. एकही घरी आला नाही. ह्याचे कारण आमचे शाकाहारव्रत नव्हे, तेथील कायदा होय. २००५ साली सस्क्वेहानात ह्या माशाच्या पिलांवर रोग पडला, ती मोठ्या संख्येने मेली व पुढे माशांची संख्या फार घटली. म्हणून २०११ पासून नदीच्या कित्येक मैलांच्या टप्प्यात धरलेला बास तत्काळ सोडून देण्याचा नियम करण्यात आला. थंड प्रदेशातला हातभर लांबीचा मासा आठ-दहा वर्षांचा असू शकतो; एक नेला तर त्याची जागा भरावयास तेवढीच वर्षे लागणार. शेजारच्या गृहस्थांनी गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाकला होता. मासा लागला की ते हात आधी त्या बर्फासारख्या पाण्यात भिजवीत, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. गोठविणाऱ्या हवेत कल्ल्यांस इजा होते, म्हणून माशास पाण्याबाहेर न काढता ते गळ सोडवीत. आणि दोन मासे लागले की, ऊन कितीही चांगले असो, काठी आवरून कॉफी पीत बसत.

हे सर्व मी घरी सांगितले तेव्हा सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला: "खावयाचा नाही, तर मग त्या मुक्या जीवाला टोचावयाचे कशाला?"

हा प्रश्न केवळ आजीबाईचा म्हणून बाजूस सारण्यासारखा नाही. २००३ साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यात वेदनेची जाणीव घेणारे तंतू असल्याचे प्रयोगाने दाखविले. त्या जाणिवेस आपल्या अर्थाने दुःख म्हणावे की नाही ह्याविषयी शास्त्रज्ञांत वाद आहे. परंतु 'माशाला काही कळत नाही' असे निःशंकपणे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या प्राणिसंरक्षणाच्या नियमांत, सोडून देण्याच्याच हेतूने मासा धरणे निषिद्ध ठरविले. तेथील न्याय सौभाग्यवतींचाच: खावयाचा असेल तर धरा, नाही तर त्याच्या वाटेस जाऊ नका. सस्क्वेहानाच्या काठचा कायदा ह्याच्या नेमका उलट: धरा, पण नेऊ नका.

नातू हे ऐकत होता. "आजोबा, मग दोघांपैकी खरे कोण?" असे त्याने विचारले. मी त्याला आपले दोन जुने शब्द सांगितले, व्यष्टी आणि समष्टी. पेन्सिल्व्हेनियाचा कायदा समष्टीचा, म्हणजे नदीतील साऱ्या मत्स्यकुळाचा विचार करतो. स्विस कायदा व्यष्टीचा, म्हणजे गळाला लागलेल्या त्या एका माशाचा. दोहोंतही दया आहे, परंतु एकीची दृष्टी जेथे पोचते तेथे दुसरीची पोचत नाही. आपल्याकडेही हे दोन्ही विचार झालेले आहेत. अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात ठराविक तिथींस मासे मारू नयेत व विकू नयेत असे फर्माविले. महाडजवळच्या वाळण कोंडीत, वैतरणेकाठी तिळसे येथे, देवाचे म्हणून राखलेले डोह आहेत. तेथील महसीर माशांना लोक हात लावीत नाहीत, उलट चारा घालतात. तेथे ज्यास डोह मिळाला त्या माशास अभय मिळाले. सस्क्वेहानातला मासाही हिवाळ्यात डोहाच्याच आश्रयास जातो, आणि मनुष्य गळ घेऊन नेमका तेथेच उभा राहतो. ही गोष्ट मला शेवटपर्यंत खुपली, व मी ती त्या वृद्ध गृहस्थांनाही माझ्या मॅट्रिकपुरत्या इंग्रजीत बोलून दाखविली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणूनच दोन."

अखेर मी जो निर्णय दिला तो असा. नातवाने नदीवर जाणे बंद करू नये. कारण नदी, थंडी, धीर आणि एका वृद्धाचा सहवास ह्यांची भरपाई घरात बसून होणारी नव्हती. बर्फाच्या ओट्याचा नियम एकदा जरी मोडला तरी जाणे कायमचे बंद. गळ घरात आणावयाचा नाही, तो शेजारीच राहील. हा आजीचा मान. आणि आपण कोठे थांबावयाचे ते त्याने स्वतः ठरवून, पहिला गळ टाकण्यापूर्वी मोठ्याने सांगावयाचे. कायद्याने माशाच्या कुळाची काळजी घेतली आहे. समोरच्या एका माशाची काळजी काठी हातात धरणाराशिवाय दुसरे कोण घेणार?

सौभाग्यवतींचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. शनिवारी नातू निघाला की त्या देवाजवळ निरांजन लावीत; ते मुलासाठी की माशासाठी हे मी विचारले नाही. आम्ही परत आल्यावर पुढच्या हिवाळ्यात कन्येचा दूरध्वनी आला. नातू उष्णमापक घेऊन नदीवर जातो, रोजचे अंश वहीत टिपतो, आणि पाणी चार अंशांखाली असेल तर गळ टाकीत नाही, नुसता उभा राहून परत येतो. हा नियम त्याला कोणी घालून दिलेला नव्हता.

परदेशी वाढणारी नातवंडे आज आपल्या पुष्कळ घरांत आहेत, आणि असे प्रश्न टेबलावर येतच राहणार. 'आपल्यात हे चालते का?' एवढेच विचारून थांबलो, तर उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात मिळते व मूल त्यानंतर काही सांगेनासे होते. 'तू कोठे थांबणार?' असे विचारले, तर त्याला विचार करून सांगावे लागते. निदान आमच्या घरी तरी असा अनुभव आला, तो वाचकांपुढे ठेवला आहे.